कासवाचे बिऱ्हाड

कोणत्याही जुन्या शिवालयात गेले म्हणजे नंदीच्या पुढे, गाभाऱ्याच्या वाटेवर, फरशीत कोरलेले एक कासव दिसते. त्यावर पाय पडू नये म्हणून आपण बाजूने जातो. कित्येक जण वाकून त्याच्या पाठीला हात लावतात व तो हात कपाळी नेतात. गीतेला स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना आपले अवयव आवरून घेणाऱ्या कासवाचीच आठवण झाली. आपल्या संतांनीही कासवीच्या दृष्टीचा दृष्टांत पुन्हा पुन्हा दिला आहे. कासवीला पान्हा नाही, ती पिलांना केवळ नजरेने वाढवते, तशी आमच्यावर कृपा असू दे, असे ते देवाला विनवतात. नागाचा अपवाद सोडला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांत इतका मान दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेला नाही.

प्राणिशास्त्र मात्र निराळे सांगते. कासवाची मादी वाळूत किंवा मऊ मातीत खड्डा करते, अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. आपली पिले ती बहुधा कधी पाहतही नाही. अंडी उबतात ती सूर्याच्या उष्णतेने. आणि पुष्कळ जातींत नर निपजणार की मादी हेदेखील त्या खड्ड्यातील तापमानच ठरवते. संतांच्या दृष्टांताला याने काही बाध येतो असे मी मानत नाही. दृष्टांत देवाविषयी आहे, कासवाविषयी नाही. परंतु ज्याच्या घरी जिवंत कासव आहे त्याने एवढे ध्यानात ठेवलेले बरे की, या जीवाला प्रेमळ नजरेच्या आधी ऊन लागते.

हे सांगण्याचे कारण असे की, गेली काही वर्षे एका कासवाच्या बिऱ्हाडाची व्यवस्था माझ्याकडे आहे.

जबलपूरचा दीक्षितपुरा हा जुन्या शहरातील भाग. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना टेकलेली, आणि त्यांत पिढ्यानपिढ्या राहत आलेली काही मराठी कुटुंबे. आमच्या शेजारच्या घरी एक वृद्ध काकू एकट्या राहतात. त्यांच्या नातवाने २०१४ साली कोठल्याशा प्रदर्शनातून एक कासवाचे पिलू आणले. ते त्या वेळी जुन्या रुपयाएवढे होते, आणि प्लॅस्टिकच्या एका डब्यात, प्लॅस्टिकच्याच एका माडाच्या झाडाखाली बसलेले होते. विकणाऱ्याने सांगितले की, हे एवढेच राहते, याला दोन चिमटी कोरडे खाद्य घातले की झाले. पुढे मुलगा, सून व नातू नोकरीच्या गावी गेले. डबा मागे राहिला. कासव वाढले तेव्हा डब्याच्या जागी घमेले आले आणि घमेल्याच्या जागी कपडे भिजवण्याचा टब आला; तो टब जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात ठेवला गेला. काकू त्याला रोज ताटातला भात व पोळीचा तुकडा घालीत, आणि गुरुवारी त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहत. त्याचे नाव गणू.

यात कोणाची निष्ठुरता नव्हती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सत्तरी उलटलेल्या बाईला रोज पाण्याचा टब उपसणे झेपत नाही, आणि कासव ओरडत नाही. कुत्रे उपाशी राहिले तर गल्ली जागी करते. कासव आठ वर्षे गैरसोय सोसते, आणि पाहणाऱ्याला वाटते की ते शांत आहे.

२०२२ च्या डिसेंबरात मी ते उजेडात आणून पाहिले, तेव्हा त्याचे दोन्ही डोळे सुजून मिटलेले होते. पाठीची कड बोटाने दाबली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी लवत होती. कुंकवाच्या थराखाली बुरशीचे पांढरे चट्टे होते. काकू म्हणाल्या, “अरे, याला नर्मदेत सोडून ये की तू. तुलाही पुण्य लागेल, मलाही.”

नर्मदेच्या गावात हा विचार मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. ग्वारीघाट येथून जवळ. एका रविवारच्या सकाळचे काम. परंतु सरकारी नोकरीने मला एक सवय लावली आहे, कागदावर सही करण्यापूर्वी कागद कशाचा आहे ते पाहण्याची. म्हणून पहिला प्रश्न हा होता की, हे कासव कोणते?

हा प्रश्न जिज्ञासेपुरता नाही. आपल्या देशातील नद्या-तळ्यांत राहणाऱ्या बहुतेक कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. विहिरीत आढळणारे मऊ पाठीचे कासव किंवा अंगावर ताऱ्यांची नक्षी असलेले जमिनीवरचे कासव घरात ठेवणे हा गुन्हा आहे. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, तेव्हापासून तारा-कासवही पहिल्या अनुसूचीत गेले आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे. असे कासव कोणाच्या घरी असेल, तर ते वनविभागाच्या स्वाधीन करणे हाच मार्ग. ते स्वतः नेऊन नदीत सोडणेही योग्य नव्हे, कारण ते कोणत्या पाण्यातले, निरोगी आहे की रोगी, हे पारखण्याचे काम जाणकाराचे आहे.

गणूच्या डोळ्यामागे, आपण ज्याला कान म्हणू त्या जागी, तांबड्या रंगाचा लांबट पट्टा होता. आपल्याकडील एका जातीच्याही डोळ्यामागे तांबूस चंद्रकोर असते, त्यामुळे फसगत होऊ शकते. पण त्या देशी कासवाची पाठ छपरासारखी उतरती असून मधल्या कण्यावर टोक आलेले असते. गणूची पाठ गुळगुळीत व बसक्या घुमटासारखी होती. जबलपुरास पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे आणि तेथे वन्यप्राण्यांच्या आरोग्याचा व न्यायवैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे, हे या शहराचे भाग्यच म्हणावयाचे. वन्यप्राण्यांची माहिती असलेल्या एका पशुवैद्यांनी एका दृष्टिक्षेपात निर्णय दिला. हे तांबड्या कानाचे अमेरिकन कासव. मूळ मुलूख मिसिसिपी नदीचे खोरे.

मिसिसिपीचे कासव दीक्षितपुऱ्यातील जिन्याखाली कसे आले, याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः लुइझियानात, या कासवांची शेती चालते. तळी राखून अंडी गोळा करतात आणि पिले विकतात. लहान मुले कासव तोंडात घालतात व त्यांना साल्मोनेला जंतूंची बाधा होते, असे दिसून आल्यावर १९७५ साली अमेरिकेने चार इंचांहून लहान पाठीच्या कासवांची विक्री आपल्या देशात बंद केली. देशात विक्री बंद झाली, पण निर्यात चालूच राहिली. पुढे तलवारी चालवणाऱ्या कासवांची चित्रमालिका जगभर लोकप्रिय झाली, आणि १९८९ ते १९९७ या काळात पाच कोटींहून अधिक पिले परदेशी गेली. युरोपने १९९७ मध्ये त्यांची आयात थांबवली. पिले मोठी झाली, मालक कंटाळले, आणि देशोदेशीच्या दयाळू माणसांनी ती जवळच्या पाण्यात सोडून दिली. आज जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परकीय जातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. ते स्थानिक कासवांच्या उन्हाच्या जागा बळकावते, त्यांचे अन्न खाते, आपले रोग त्यांना देते. आपल्या देशातही हे घडू लागले आहे. गुवाहाटीतील उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ते आढळले. केरळात त्रिशूरच्या पाण्यात आढळले, तेव्हा पीची येथील वनसंशोधन संस्थेने लोकांना आपापली पाळलेली कासवे आणून देण्याचे आवाहन केले.

तेव्हा गणूला नर्मदेत सोडले असते, तर दोनांपैकी एक गोष्ट झाली असती. आंधळे, हाडे ठिसूळ झालेले ते जनावर चार दिवसांत मेले असते. किंवा ते जगले असते, आणि नर्मदेच्या लेकरांच्या ताटात एक परका वाटेकरी बसला असता. काकूंना मी हे सांगितले. त्यांनी थोडा विचार केला व म्हणाल्या, “नर्मदेचं वाहन मगर आहे. कासव यमुनेचं.” तिगवा येथे गुप्तकालीन मंदिराच्या दारावर मकरावर गंगा व कासवावर यमुना कोरलेली आहे, ती त्यांनी लहानपणी पाहिली होती. माझ्या सर्व शास्त्रीय निवेदनापेक्षा हा मुद्दा त्यांना अधिक पटला, आणि मीही तो खोडून काढला नाही.

गणू आमच्या घरी आला. म्हणजे, आली. नराच्या पुढच्या पायांची नखे लांब असतात व तो आकाराने लहान राहतो. ही आठ इंच पाठीची, आखूड नखांची मादी होती. या बाबतीत गणू एकटी नाही. इंग्लंडात सेल्बर्न गावी गिल्बर्ट व्हाइट नावाचे निसर्गनिरीक्षक पाद्री होऊन गेले. १७८० च्या मार्च महिन्यात त्यांनी आपल्या आत्याच्या बागेत मातीखाली निजलेले म्हातारे जमिनीवरचे कासव उकरून काढले व घोड्याच्या गाडीने ऐंशी मैल दूर आपल्या बागेत आणले. गाडीच्या धक्क्यांनी ते जागे झाले, बागेत दोन फेऱ्या मारून आले आणि संध्याकाळी पुन्हा जमिनीत शिरले. त्याचे नाव टिमोथी. १७९४ मध्ये पाद्रीबुवांच्या पाठोपाठ तेही गेले, आणि पुष्कळ वर्षांनी त्याचे कवच तपासले गेले तेव्हा कळले की, टिमोथी बाई होता. एवढा बारकाईने पाहणारा मनुष्य, पण हे त्याच्याही नजरेतून सुटले.

वैद्यांनी तपासून सांगितले ते थोडक्यात असे. डोळे सुजले ते अ जीवनसत्त्वाच्या अभावी. पाठ मऊ झाली ती कॅल्शियम व ड जीवनसत्त्व न मिळाल्यामुळे; आणि ड जीवनसत्त्व तिच्या शरीरात तयार होण्यास सूर्यकिरणांतील अतिनील किरण अंगावर पडले पाहिजेत. ते किरण खिडकीच्या साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. काचेची पेटी उन्हात ठेवून काम भागत नाही. उलट पेटी तापून जनावर भाजून निघते. अ जीवनसत्त्वाची सुई वैद्यांनी मोजून दिली, कारण त्याची मात्रा जास्त झाली तर कातडी सोलून निघते. पाठीला खोबरेल, हळद, रंग यांपैकी काहीही लावू नये, अशी सक्त ताकीद मिळाली. हळदकुंकवाचा प्रश्न नाजूक होता. काकूंनी तो स्वतःच सोडवला. त्यांनी देव्हाऱ्यात एक पितळी कासव आणून ठेवले, आणि गुरुवारचा मान तिकडे गेला.

पहिला हिवाळा तिने घरात काढला. जबलपुरास डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो. निरोगी कासव थंडीत मंद होऊन निभावते, पण आजाऱ्याला ते मानवत नाही. म्हणून मोठ्या टबात मत्स्यपेटीचा तापक लावून पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर राखले, चढून बसण्यास विटांचा ओटा केला आणि त्यावर अतिनील किरणांची नळी टांगली. ही नळी वर्षाच्या आत बदलावी लागते. तिचा उजेड तसाच दिसतो, पण त्यातील उपयोगाचे किरण कमी झालेले असतात.

अन्नाचे प्रकरण अधिक कठीण गेले. आठ वर्षे भात खाल्लेल्या जीवाने अकरा दिवस दुसऱ्या कशालाही तोंड लावले नाही. गाजराचा कीस, लाल भोपळा, शेवग्याचा कोवळा पाला, असे सर्व पाण्यावर तरंगत राहिले. पालक मात्र वैद्यांनी वर्ज्य केला, कारण त्यातील आम्ल कॅल्शियम अडवते. या जातीचे कासव पाण्यातच गिळू शकते, कोरड्यावर त्याचा घास उतरत नाही, हेही तेव्हा कळले. लहानपणी ते मांसाहारी असते व वाढत्या वयाबरोबर पाल्याकडे वळते. तरी आठवड्यातून एकदोनदा सजीव आहार हवाच. आमच्या घरात मासळी येत नाही. बराच खल होऊन असे ठरले की, परसातील खतखड्ड्यातील गांडुळे हा विषय स्वयंपाकघराच्या अखत्यारीत येत नाही. बाराव्या दिवशी तिने पहिले गांडूळ खाल्ले, तेही वासाने, कारण डोळे अजून उघडले नव्हते. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेन आणून पाण्यात टाकले. ते म्हणजे माकुळाच्या अंगातील हाड. कासव ते कुरतडते, आणि वाढलेली चोचही त्यावर घासून निघते.

हौद बांधण्यापूर्वी मी मार्गशीर्षात एक आठवडाभर खडूने परसात ऊन-सावलीच्या रेषा आखल्या. दाट वस्तीत ऊन ही मोजून मिळणारी वस्तू आहे. आमच्या परसात ते नऊ वाजता उतरते आणि साडेबाराला शेजारच्या गच्चीमागे जाते. जेथे ते सर्वांत अधिक वेळ टिकते त्या कोपऱ्यात सहा फूट लांब, तीन फूट रुंद व दीड फूट खोल असा सिमेंटचा हौद बांधला. पाठीच्या दर इंचास निदान चाळीस लिटर पाणी, असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे गणूला तीनशेवीस लिटर पुरले असते. हौदात काठोकाठ भरले तर साडेसातशे लिटर मावते. काठ मोकळा राखावा लागतो म्हणून आम्ही पाचशेच भरतो. गवंड्याने भेडाघाटच्या संगमरवराचा उतार करण्याचे सुचवले होते. दिसण्यात तो सुंदर दिसला असता, पण ओल्या संगमरवरावर कासवाची नखे रुतत नाहीत. म्हणून खडबडीत फरशीचा उतार केला. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो व तो अंगाला झोंबतो, त्यामुळे महिनाभर हौद भरून उपसून, भरून उपसून मगच वापरात आणला. वर मांजर, मुंगूस व माकडे यांच्यासाठी जाळी. अर्ध्या भागावर सावली. आणि सांडपाण्याच्या तोंडाला दुहेरी जाळी. पावसाळ्यात हौद भरून वाहिला, तर हे कासव गल्लीतून नाल्यात, नाल्यातून पुढे जाईल, आणि मग नर्मदेस न सोडण्याचा सारा खटाटोप वाया. उपसलेले पाणी पपईच्या झाडांना जाते. ती झाडे सध्या गल्लीत अग्रगण्य आहेत.

हौदाला लागून एक फूट खोल वाळूचा वाफा आहे. गवंड्याला त्याचे प्रयोजन कळेना. नर नसला तरी मादीच्या पोटात अंडी धरतात, आणि उकरण्यास जागा न मिळाल्यास ती अंडी पोटातच अडकून ती मरू शकते. २०२४ च्या उन्हाळ्यात तिने त्या वाळूत सात अंडी घातली. सगळी पोकळ, अर्थातच. ती काढून टाकली.

२०२३ च्या होळीनंतर ती हौदात उतरली, तेव्हा डोळे उघडून दोन महिने झाले होते. पाठीची कड टणक होण्यास आणखी सहा महिने लागले. जी कड वर वळली आहे ती मात्र आता सरळ होणार नाही. आली तेव्हा नऊशे ग्रॅम होती, आज साडेतेराशे आहे. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत चढला की हौदाचे पाणी ताकासारखे कोमट होते, म्हणून वर खसाची ताटी बांधून ती भिजवत ठेवतो. हात लावल्यावर साबणाने धुवायचे, तिचे भांडे स्वयंपाकघरात न्यायचे नाही, आणि पाच वर्षांखालील मुलांना तिच्याशी खेळू द्यायचे नाही, हे नियम जाळीला अडकवलेल्या पाटीवर लिहिले आहेत.

खर्चाविषयी लोक विचारतात. हौद, जाळी, तापक, नळी, औषधे मिळून जो आकडा होतो, त्यात त्या प्रदर्शनातील पिलांची एक टोपलीभर आली असती. पिलू स्वस्त असते, त्याचे आयुष्य महाग असते. ही कासवे नीट राखली तर तीस वर्षेही जगतात. कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातील अद्वैत या राक्षसी कासवाची तर गोष्टच वेगळी, ते १८७५ च्या सुमारास तेथे आले आणि २००६ मध्ये गेले. आमची गणू आज साधारण अकरा वर्षांची आहे. मी सेवानिवृत्त होईन तेव्हा ती ऐन वयात असेल.

मला खरी चिंता होती ती याचीच. सरकारी नोकराची बदली होते. कासवाचे बिऱ्हाड त्याच्या पाठीवर असते असे म्हणतात खरे, पण पाचशे लिटरचा हौद कोणाच्याच पाठीवर जात नाही. २०२५ मध्ये माझी बालाघाटला बदली झाली. त्याआधी वर्षभर मी एक वही लिहून तयार केली होती. तीत पाण्याचे तापमान, महिन्याचे वजन, कोणत्या ऋतूत काय खाऊ घालायचे, खाणे कधी थांबवायचे, वैद्यांचा पत्ता, आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत, कोणत्याही परिस्थितीत नदीत, तळ्यात अथवा विहिरीत सोडू नये. गल्लीतील एका मुलीने, जी त्या वेळी दहावीत होती, हे काम आपण होऊन मागून घेतले. काकूंची देखरेख आहेच. त्या खुर्ची टाकून बसतात व पोळीचा तुकडा घालण्याची परवानगी अजूनही मागतात.

मी महिन्यातून एकदा घरी जातो, तेव्हा वही पाहतो. खसाची ताटी गुढीपाडव्याला बांधावी, असे मी लिहिले होते. ते खोडून तेथे तिच्या अक्षरात होळी असे लिहिलेले आहे, आणि समोर त्या दिवसाचे पाण्याचे तापमान.